हिमोत्सवाला जाताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हिवाळी उत्सवांच्या प्रवासाविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवली. बहुतेकांनी तयारी केली आहे ती थंडीत हिंडण्याची. उत्सवात मात्र माणूस हिंडतो कमी आणि उभा राहतो जास्त. मिरवणुकीची वाट पाहताना, शिल्पापुढे, तिकिटाच्या रांगेत, आतषबाजी संपेपर्यंत तो एका जागी असतो, आणि हालचाल थांबली की शरीरात निर्माण होणारी उष्णताही झपाट्याने कमी होते. खालची बरीचशी उत्तरे या एका गोष्टीभोवती फिरतात. बोलताना आपण दोन्हींना बर्फच म्हणतो. येथे मात्र घट्ट गोठलेल्या पाण्याला बर्फ आणि आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत थराला हिम म्हटले आहे, कारण उत्सवांत या दोहोंची कला वेगवेगळी असते.

प्रश्न : आम्ही चौघे आयुष्यात प्रथमच हिम पाहणार आहोत. क्यूबेक, साप्पोरो आणि हार्बिन ही नावे वारंवार ऐकू येतात. यांपैकी कोणता उत्सव निवडावा?

उत्तर : या तिन्ही ठिकाणची थंडी एकसारखी नाही, आणि निवड करताना शिल्पांच्या छायाचित्रांपेक्षा हा फरक आधी पाहावा, असे मला वाटते.

जपानमधील साप्पोरो येथील हिमोत्सव फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सुमारे आठवडाभर चालतो. त्या दिवसांत तेथील तापमान बहुधा शून्याच्या थोडे खाली असते आणि रात्री ते उणे १० अंशांच्या आसपास उतरू शकते. मुख्य शिल्पे ओदोरी उद्यानात असतात. हे उद्यान शहराच्या मधोमध सुमारे दीड किलोमीटर लांब पसरलेले आहे आणि रेल्वे स्थानकापासून तेथपर्यंत जमिनीखालून पायी जाण्याचा मार्ग आहे. म्हणजे थंडी वाजू लागताच काही मिनिटांत ऊबदार जागी पोहोचता येते. सुसुकिनो भागात बर्फाची शिल्पे वेगळी मांडलेली असतात, तर त्सुदोम या क्रीडागृहाच्या परिसरात मुलांसाठी घसरगुंड्या असतात.

चीनमधील हार्बिन हे दुसरे टोक. तेथे जानेवारीत रात्रीचे तापमान उणे २० अंशांच्या खाली जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. उत्सवाचे औपचारिक उद्घाटन ५ जानेवारीला होते आणि हवामान साथ देईल त्याप्रमाणे तो फेब्रुवारीपर्यंत चालतो. सोंगहुआ नदीचा गोठलेला पृष्ठभाग कापून काढलेल्या लाद्यांनी तेथे मनोरे, पूल आणि किल्ले उभारतात आणि त्यांच्या पोटात दिवे बसवतात. साहजिकच हा देखावा अंधार पडल्यावरच खरा खुलतो, आणि नेमकी तीच वेळ सर्वांत थंड असते. दुपारी उशिरा आत शिरून दिवे लागण्याचा क्षण पाहावा, मग उबदार ठिकाणी जाऊन यावे आणि पुन्हा बाहेर पडावे, हा क्रम मला योग्य वाटतो.

कॅनडातील क्यूबेक या दोहोंच्या मध्ये बसते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच्या काळात होणाऱ्या या उत्सवात शिल्पे आहेतच, पण त्याचा प्राण मिरवणुका, शर्यती आणि रस्त्यावरची माणसे यांत आहे. तेथे दिवसाचे तापमान उणे १० अंशांच्या आगेमागे असते, रात्र त्याहून बरीच थंड, आणि सेंट लॉरेन्स नदीवरून येणारा वारा ती थंडी आणखी तीव्र करतो.

चौघेही पहिल्यांदाच जात असाल तर साप्पोरो निवडा. शिल्पकलेचे भव्य रूप पाहणे हाच मुख्य हेतू असेल आणि सर्वांची प्रकृती ठणठणीत असेल, तर हार्बिनला पर्याय नाही. उत्सवात प्रेक्षक म्हणून न राहता सहभागी व्हायचे असेल, तर क्यूबेक.

प्रश्न : मी खूप जाड, गुडघ्यापर्यंत येणारे जाकीट घेतले आहे. आत नेहमीचे सुती कपडे घातले तर उणे २० अंशांत पुरेल का?

उत्तर : जाकीट उपयोगी पडेल, पण त्याच्या आतील सुती कपडे सारा खर्च वाया घालवतील. सूत घाम शोषून घेते आणि तो सहजासहजी सोडत नाही. बसमधून उतरून चढ चढताना जाड जाकिटात घाम येतो, मग आपण मिरवणुकीसाठी थांबतो आणि ओले सूत अंगाची उष्णता ओढून घेऊ लागते. म्हणून त्वचेलगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा अंगाबरोबर बसणारा थर हवा. त्यावर हवा अडकवून ठेवणारा थर, म्हणजे फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड), लोकरी स्वेटर किंवा पिसांचे हलके जाकीट. आणि सर्वांत बाहेर वारा व हिम अडवणारा थर. चालताना मधला थर काढावा किंवा चेन उघडावी आणि थांबण्यापूर्वीच, थंडी वाजायची वाट न पाहता, तो परत घालावा. ही वेळ साधणे कपड्यांच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे. हाच नियम पायांनाही लागू आहे. अंगावर तीन थर आणि खाली एकच जीन्स, असे अनेक पर्यटक दिसतात. ती जीन्सही सुतीच असते.

बुटांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या पहिल्या हिवाळी प्रवासातील चूक येथेच झाली होती. नेहमीच्या मापाच्या बुटांत मी लोकरी मोज्यांचे दोन जोड कोंबले. बूट घट्ट झाले, बोटांकडचा रक्तप्रवाह रोखला गेला आणि अर्ध्या तासात पाय बधिर झाले. हिवाळी बूट जाड मोजा घालून, तोही एकच, मापून घ्यावेत आणि आत बोटे मोकळेपणी हलली पाहिजेत. तळवा जाड असावा, कारण उभ्या माणसाच्या पायांची उष्णता सर्वांत आधी जमीन घेते. मिरवणुकीला जाताना फोमच्या चटईचा एक तुकडा किंवा जाड पुठ्ठा बरोबर ठेवा आणि त्यावर उभे राहा. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट दुसऱ्या स्वेटरपेक्षा अधिक उपयोगी पडते.

हातांसाठी पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र ठेवणारे मोजे अधिक ऊब देतात; छायाचित्रे काढायची असतील तर त्यांच्या आत पातळ हातमोजे घालावेत. हात शेकण्याच्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते आणि हवेतील प्राणवायूशी तिचा संयोग होऊन उष्णता निर्माण होते. त्यामुळे हवाबंद बुटात त्या नीट काम करीत नाहीत, आणि उघड्या त्वचेला चिकटवून ठेवल्यास भाजू शकते.

तापमानाचा आकडा पाहताना वाऱ्याचा वेगही पाहावा. उणे २० अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे ३३ अंशांसारखी भासते, आणि अशा हवेत उघडा चेहरा १० ते ३० मिनिटांत गोठू लागण्याचा धोका असतो. कान, नाक आणि गाल झाकण्याची सोय जाकिटाइतकीच आवश्यक आहे.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह असून ते इन्सुलिन घेतात आणि रक्तदाबाच्याही गोळ्या चालू आहेत. त्यांना अशा उत्सवाला न्यावे का?

उत्तर : याचे अंतिम उत्तर त्यांची प्रकृती जाणणाऱ्या डॉक्टरांनीच द्यावे. त्यांच्याशी बोलताना मात्र "थंड प्रदेशात जात आहोत" एवढेच न सांगता किती अंश थंडीत, सलग किती वेळ बाहेर राहणार आणि किती चढउतार चालणार, हे स्पष्ट सांगा. थंडीत त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक काम करावे लागते. शिवाय दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर बोटे गोठत असल्याचे त्यांना कळणारही नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी आत आल्यावर त्यांचे पाय प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावेत.

इन्सुलिन एकदा गोठले की ते निकामी होते; वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी वापरू नये. विमानप्रवासात ते हातातील सामानातच ठेवावे आणि बाहेर हिंडताना बाहेरच्या पिशवीत न ठेवता जाकिटाच्या आतील खिशात ठेवावे. रक्तशर्करा मोजण्याचे यंत्रही गारठले की चुकीचा आकडा दाखवू शकते किंवा बंद पडते, म्हणून मोजणी आत आल्यावर, यंत्र खोलीच्या तापमानाला आल्यानंतर करावी.

घसरून पडण्याची भीती या वयात थंडीइतकीच मोठी आहे. बुटांखाली बांधायचे खिळ्यांचे पट्टे घ्यावेत, पण फरशीवर तेच पट्टे घसरतात म्हणून इमारतीत शिरताना ते काढावेत. पाऊल लहान टाकावे, तळवा सपाट टेकवावा आणि हात खिशाबाहेर ठेवावेत. निवासाचे ठिकाण उत्सवाच्या मैदानापासून चालत दहा मिनिटांच्या आत मिळत असेल, तर त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजण्यास मागेपुढे पाहू नका. वडिलांना तासाभराने परत येऊन झोपता येईल, आणि तुम्हालाही कार्यक्रम अर्धवट सोडल्याची रुखरुख लागणार नाही.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला हिमावरच्या छोट्या घसरगाडीत बसवून ओढत नेण्याचा विचार आहे. तिला सोपे जाईल ना?

उत्तर : तिला सोपे जाईल, पण ती तुमच्याआधी गारठेल. गाडी ओढणाऱ्याला घाम येत असतो आणि गाडीतले मूल निश्चल बसलेले असते. आपल्याला उकडते म्हणून मुलालाही ऊब असेल, ही समजूत येथे घातक ठरते. त्यातच वजनाच्या मानाने मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असल्याने त्यांची उष्णता लवकर जाते. गाडीत खाली जाड घोंगडी घाला, दर पंधरावीस मिनिटांनी तिला उतरवून चालवा, आणि तिच्या बोलण्यावर विसंबून न राहता गाल व बोटे स्वतः तपासा. लांब मफलर खेळण्यांत अडकून गळ्याला आवळू शकतो, म्हणून गळ्यात घट्ट बसणारी लोकरी पट्टी घालावी. हातमोज्यांचे दोन जास्तीचे जोड बरोबर ठेवा. हिमात खेळणाऱ्या मुलाचे मोजे ओले होणारच.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात परदेशात असताना माझ्या कानाची पाळी पांढरी पडून बधिर झाली. सोबतच्या एका गृहस्थांनी ती हिमाने चोळली. हा उपाय बरोबर होता का?

उत्तर : नाही. ही समजूत फार जुनी आहे, अनेक देशांत आढळते, आणि ती हानिकारक आहे. गोठू लागलेल्या पेशींत बर्फाचे सूक्ष्म स्फटिक तयार होत असतात. चोळल्याने त्या पेशी फाटतात, आणि हिमाने चोळल्यास उरलीसुरली उष्णताही जाते. आपल्या बाबतीत बहुधा हिमदंशाच्या आधीची अवस्था असावी, ज्यात त्वचा फिकट व बधिर होते पण कायमची इजा होत नाही. अशा वेळी लगेच आत जावे, कानावर उबदार तळहात नुसता ठेवावा, बोटे असतील तर काखेत धरावीत.

त्वचा कडक, मेणासारखी झाली असेल किंवा संवेदना परतत नसेल, तर तो हिमदंश समजून डॉक्टरांकडे जावे. तो भाग कोमट पाण्यात, म्हणजे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून ऊब आणतात. मात्र पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मध्येच ऊब देऊ नये, कारण वितळून पुन्हा गोठल्यास इजा अधिक होते. शेकोटी किंवा हीटरजवळ धरणेही टाळावे, कारण बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. थंडीत मद्य घेतल्यावर ऊब वाटते ती त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे, आणि त्याच वेळी शरीराच्या गाभ्यातील उष्णता बाहेर जाऊ लागते. गाभ्याचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की जिवाला धोका निर्माण होतो. सोबतची व्यक्ती जोराने कापत असेल, बोलताना अडखळत असेल, गोंधळलेली वाटत असेल, तर "थोडा वेळ थांबू" असे म्हणू नका. तिला आत न्या, ओले कपडे उतरवा आणि वैद्यकीय मदत मागवा.

प्रश्न : थंडीत मोबाइल आणि कॅमेरा चालतात का?

उत्तर : चालतात, पण बॅटरी लवकर दम तोडते, कारण गारठ्यात तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावतात. फोन आतील खिशात ठेवा. जास्तीच्या बॅटऱ्याही अंगालगत ठेवा. बंद पडलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर बऱ्याचदा पुन्हा थोडी चालते. खरी काळजी आत येताना घ्यायची असते. गारठलेल्या कॅमेऱ्यावर खोलीतील बाष्प जमते आणि भिंगाच्या आतही शिरते. म्हणून बाहेर असतानाच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि आत आल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये.

प्रश्न : इतक्या थंडीत लोक घरात बसण्याऐवजी उत्सव का करतात? ही केवळ पर्यटनासाठी काढलेली युक्ती आहे का?

उत्तर : पर्यटनाचा हेतू आरंभापासून होता, हे नाकारता येत नाही. मात्र तेवढ्यावर उत्तर संपत नाही. अमेरिकेतील सेंट पॉल शहराची गोष्ट पाहा. न्यूयॉर्कच्या एका वार्ताहराने हे शहर म्हणजे दुसरे सायबेरिया आहे, हिवाळ्यात माणसाने राहण्यास अयोग्य आहे, असे लिहिले. शहराने त्याला उत्तर म्हणून १८८६ मध्ये हिवाळी उत्सव भरवला आणि बर्फाचा राजवाडा बांधला. माँट्रियलमध्ये असा उत्सव १८८३ पासूनच होत होता. क्यूबेकमध्ये पहिला मोठा उत्सव १८९४ मध्ये झाला, पुढे त्यात खंड पडले, आणि आजच्या स्वरूपात तो १९५५ पासून चालत आला आहे. लाल टोपी आणि कमरेला विणलेला पट्टा घातलेला पांढराशुभ्र हिममानव बोनोम हा त्याचा यजमान.

मला स्वतःला साप्पोरोची सुरुवात अधिक जवळची वाटते. १९५० मध्ये तेथील शाळकरी विद्यार्थ्यांनी ओदोरी उद्यानात हिमाच्या सहा मूर्ती घडवल्या आणि त्या पाहायला गर्दी लोटली. युद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती. ज्या हिमामुळे महिनोन्महिने वाट अडते, त्याच हिमापासून मुलांनी काहीतरी घडवले, आणि मोठी माणसे ते पाहण्यासाठी घराबाहेर पडली. हार्बिनमध्येही १९६३ मध्ये बर्फाच्या दिव्यांचे प्रदर्शन भरले, मधली काही वर्षे ते बंद राहिले आणि १९८५ पासून दरवर्षीचा उत्सव सुरू झाला. दीर्घ हिवाळ्यात माणसे एकमेकांना दिसेनाशी होतात. त्यांना एकत्र आणणारे निमित्त या शहरांनी स्वतःच्या हवामानातूनच शोधले, असे मी समजतो.

प्रश्न : आम्ही क्यूबेकला जाण्याचे ठरवले आहे. किती दिवस ठेवावेत आणि नदीवरील नावांची शर्यत नेमकी कशी असते? ती पाहणे जमेल का?

उत्तर : उत्सवासाठी पूर्ण तीन दिवस ठेवा आणि त्यांच्या आधी एक दिवस मोकळा सोडा. हिमवादळात विमाने रद्द होणे ही तेथे असाधारण घटना नाही, त्यामुळे मुख्य मिरवणुकीच्या दिवशी सकाळी पोहोचण्याचा बेत धोक्याचा आहे. विमान माँट्रियलपर्यंतच मिळाले तर पुढचे सुमारे २५० किलोमीटर रेल्वेने किंवा बसने जाता येते. तटबंदीच्या आतील जुने शहर, जे १९८५ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे, तेथील खोल्या या दिवसांत लवकर भरतात. उत्सवाच्या तारखा जाहीर होताच आरक्षण करा.

शर्यत अवश्य पाहा. माझ्या मते या उत्सवातील ती सर्वांत अस्सल गोष्ट आहे. पूल आणि बर्फ फोडणारी जहाजे नव्हती, तेव्हा क्यूबेक आणि समोरच्या तीरावरील लेव्ही यांच्यामध्ये माणसे व टपाल हिवाळ्यातही नावेनेच न्यावे लागे, आणि शर्यत त्या कष्टांतून जन्मली आहे. येथे सेंट लॉरेन्सला भरतीओहोटी असते, त्यामुळे नदी सपाट गोठून स्थिर राहत नाही. बर्फाचे मोठमोठे तुकडे प्रवाहाबरोबर सतत सरकत असतात. एका नावेत पाच जण असतात. मोकळे पाणी मिळाले की ते वल्ही मारतात, आणि बर्फ आडवा आला की एक पाय नावेत ठेवून दुसऱ्या, खिळे लावलेल्या बुटाच्या पायाने बर्फ ढकलत नाव पुढे रेटतात. बर्फ ओबडधोबड असेल तर उतरून ती ओढतात. समोरचा बर्फ आपले वजन पेलेल की नाही, याचा निर्णय त्यांना धावता धावता घ्यावा लागतो.

जुन्या बंदराजवळच्या लुईझ गोदीच्या परिसरातून सुरुवात आणि शेवट जवळून दिसतात. जागा मिळवण्यासाठी लवकर जावे लागते, आणि नदीकाठी वारा शहरातल्यापेक्षा तीव्र असतो. म्हणून सकाळी भरपेट खाऊन निघा, थर्मासमध्ये गरम पेय घ्या, फोमचा तुकडा विसरू नका आणि दोघादोघांनी आळीपाळीने जवळच्या इमारतीत जाऊन ऊब घेत जागा राखा. नावा नजरेआड गेल्या की पुष्कळ लोक निघून जातात. आपण थांबा. परतणाऱ्या नावा काठावर खेचल्या जातात तेव्हा नावाड्यांच्या भुवयांवर आणि कपड्यांवर बर्फ धरलेला असतो, आणि ते दृश्य पुढे जागा मोकळी झाल्यामुळे अगदी जवळून पाहता येते.